तेवढ्याच जागी अडखळतो

डोंगरातल्या नारिन गावच्या बाजारात जुन्या कंटेनरांची जी रांग आहे, तिच्यात बुरुलचाचा गाळा शेवटून दुसरा. दारावर पाटी नाही. लोक शेजारच्या नान भाजणाऱ्या मायरामला विचारतात, "व्हिडिओ चालवून देणारी बाई कुठं बसते?" आणि मायराम पिठाच्या हातानंच बोट दाखवते.

बुरुलचा मूळची शिवणकाम करणारी. मशीन अजून गाळ्याच्या कोपऱ्यात आहे, त्यावर आता चार्जर लोंबकळतात. तिचा नवरा रशियात कामाला गेला. दुसऱ्या वर्षी त्याचे व्हिडिओ यायचे ते नुसते ऐकू यायचे, पडदा काळा. बाई हटून बसली. राजधानीत जाऊन, चार दुकानदारांची बोलणी खाऊन, व्हिडिओ कसा चालवायचा ते शिकून आली. नवऱ्यानं पुढं तिकडंच दुसरा संसार थाटला. "गेला तो गेला, पण जाता जाता धंदा देऊन गेला," असं ती स्वतःच सांगते, आणि कोणी हळहळायच्या आत विचारते, "तुमचं काय अडलंय ते बोला."

अडलेलं सगळ्यांचं एकच असतं. पोरं परदेशात चांगले फोन घेतात. ते फोन व्हिडिओ नव्या तऱ्हेनं दाबून ठेवतात, म्हणजे चित्र तेवढंच चांगलं आणि जागा निम्मी. इथं आयांच्या हातात जुने फोन. त्यांना ते उघडत नाही. आवाज पुढं पळतो, चित्र मागं राहतं, तोंड उघडं तसंच थिजतं. शाळेतल्या कॉम्प्युटरवर लावलं तर पंखा घरघरायला लागतो आणि माणूस उचकी लागल्यासारखा हलतो. बुरुलचा आयांना समजावते, "हे कुरुत आहे बघा. वाळवलेल्या दह्याचा गोळा. ठेवायला सोपा, पण फोडायला दात पाहिजेत. तुमच्या फोनला दात नाहीत. मी भिजवून देते." म्हणजे ती तो व्हिडिओ जुन्या तऱ्हेनं पुन्हा तयार करते. फाइल फुगते, पण चालते. आणि पोरांना फोन लावून झापते, "कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जा, सगळ्या फोनवर चालेल तो पर्याय निवड. आईला फाइल पाठवतोस, का कोडं घालतोस?"

तिचे दोन नियम होते. तयार झालेला व्हिडिओ सुरुवातीला आणि शेवटी जरासा बघायचा, मधला बघायचा नाही, कारण तो दुसऱ्याच्या घरातला असतो. आणि मूळ फाइल कधी पुसायची नाही.

फोन बनवणाऱ्यांना शहाणं म्हणावं की काय, मला कळत नाही. जागा वाचवली म्हणतात. ज्याच्याकडं जागा होती त्याचीच वाचवली. असो.

त्या वर्षी बर्फ वितळत असताना, एका बाजाराच्या सकाळी दुइशेन अके बुरुलचाच्या गाळ्यात आले. वरच्या गावातले, सगळ्यांचे वडीलधारे, म्हणून अके. टोपी हातात घेऊन उभे राहिले तेव्हाच तिनं ओळखलं, कोणीतरी गेलंय.

"कोण?" तिनं विचारलं.

"माझा पुतण्या. कुलीपाचा एरनाझार. इमारतीवरून पडला. देह आज दुपारी येतोय."

कुलीपा आपाला ती चांगली ओळखत होती. आपा म्हणजे आई, सगळेच तिला तसं म्हणत. विधवा बाई, एकच मुलगा.

"आपाला ऐकवलं?"

"नाही अजून. ती आज खाली येतेय, फोन घेऊन, तुझ्याकडंच. एका अर्थी बरंच झालं. तेवढ्यात आम्ही तिच्या अंगणात मयताचा, नमद्याचा तंबू उभा करतो, माणसं गोळा करतो. मग मी स्वतः येऊन तिला घेऊन जाईन. तू तिला इथं बसवून ठेव, पोरी. व्हिडिओ सावकाश चालव."

मरणाची बातमी आमच्यात फोनवर देत नाहीत, रस्त्यात गाठून देत नाहीत, एकट्यानं देत नाहीत. माणसं जमवून, शेजारी बसून, हात धरून ऐकवतात. तोवर सगळ्या गावाला ठाऊक असतं आणि ज्याचं घर बुडालं त्यालाच ठाऊक नसतं. पूर्वी मला हे क्रूर वाटायचं. आता वाटत नाही.

कुलीपा आपा आली ती हसत, धापा टाकत. मायरामनं तिला गरम नान दिलं आणि मान फिरवून तंदुरात उगाच वाकून राहिली. खोगिरं विकणारा म्हातारा सकाळपासून कोणाशीतरी घासाघीस करत होता, तो एकदम गप्प झाला.

"आज काय, बाजार झोपलाय वाटतं," आपा म्हणाली आणि स्टुलावर बसली. "हे घे गं. तीन आहेत. एकही उघडत नाही मेला."

"कधीचे आहेत?"

"थंडीतले. घाट बंद, यायचं कसं? आणि चूक माझीच. मीच त्याला म्हटलं, तुझं तोंड धुरकट दिसतं रे, डोळे कुठं नाक कुठं कळत नाही. तर पठ्ठ्यानं फाइल म्हणून पाठवले. म्हणे, आता स्वच्छ दिसेल."

बुरुलचानं वायर जोडली. मग काढली आणि उगाचच पुसत बसली.

"तुला एक सांगू?" आपा आवाज खाली आणून म्हणाली. "मी त्याला खोटं सांगितलंय. त्यानं फोनवर विचारलं, आपा, शेवटचा पाहिलास का? आता नाही म्हटलं तर पोराला वाईट वाटेल. म्हटलं, पाहिला की! तर म्हणतो, मग काय म्हणतेस? मी म्हटलं, काय म्हणायचंय, छान आहे, काम नीट कर. गप्पच झाला. त्यानंतर एकदोनदा बोलला, पण तुटक. गेल्या शुक्रवारी तर फोनच नाही. रुसलाय. आज खरंच बघते, आणि फोन आला की सांगते, तुझी टोपीसुद्धा पाहिली म्हणून. मीच विणलीय ना ती."

"चहा घ्या आपा," बुरुलचा म्हणाली.

पहिला व्हिडिओ तयार झाला. लोखंडी खाटांची खोली, पोरं हात हलवतायत. आपानं दोनदा बघितला. दुसऱ्यात बर्फ आणि उंच क्रेन. आपा खुदकन हसली, "बघ, जाड झालाय. कोण शिजवून घालतं कोणास ठाऊक."

तिसरा सगळ्यात लांब होता. पडद्यावरची रेघ मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आपा नान मोडून चहात बुडवून खात होती, आणि दुइशेन अकेंचा पत्ता नव्हता. फाइल तयार झाली तेव्हा बुरुलचानं कानाला हेडफोन लावले. सुरुवात बघितली. पोरगा अर्धवट बांधलेल्या जिन्यावर बसला होता, डोक्यावर करडी लोकरीची टोपी. तिथून नेहमीसारखं शेवटाकडं जायचं होतं. पण जो आता नाही त्याचा आवाज कानात होता, तिला तो तोडवेना. ती ऐकत राहिली.

"आपा, एक विचारायचं होतं. खोलीत आठ जण असतात, फोनवर बोलवत नाही. इथं मन लागत नाही गं. मुकादम वर चढवतो आणि दोर धड नसतो. मला भीती वाटते. आता हसू नकोस." तो स्वतःच हसला, टोपी काढून हातात घेतली, चुरगळली. "गावातले म्हणतील, पळून आला. म्हणू देत. तू काय म्हणतेस ते सांग. तू नुसतं 'ये' म्हण, मी त्याच दिवशी निघतो. नाही म्हणालीस तर समजेन, थांबावं. चल, ठेवतो. थंडी आहे, गुडघ्याला लोकर बांधत जा."

बुरुलचानं हेडफोन काढले. समोर आपा ओठाला लागलेला चुरा पुसत होती.

"झाला का गं?"

"थोडं राहिलंय आपा. शेवटाला जरा खराब आलंय. नीट करते."

आणि जी बाई दुसऱ्याच्या व्हिडिओचा मधला भाग बघतसुद्धा नसे, तिनं त्याला कात्री लावली. "आपा," म्हणून तो तोंड उघडतो तिथपासून "चल, ठेवतो" पर्यंतचं सगळं कापलं. दोन टोकं एकमेकांना चिकटवली. मूळ फाइल मात्र आपाच्या फोनमधून पुसायला तिचा हात धजला नाही. राहू दे म्हणाली मनाशी, या फोनवर ती फाइल काही उघडायची नाही.

आपानं तिसरा व्हिडिओ तीनदा बघितला. "इथं जरा हिसका बसतो गं. टोपी डोक्यावर असते ती एकदम हातात."

"फाइलच तशी आलीय, आपा."

तेवढ्यात दुइशेन अके दारात आले आणि म्हणाले, "चल कुलीपा, व्हॅन उभी आहे." ती उठली, फोन पदराखाली ठेवावा तसा शालीत गुंडाळला आणि बुरुलचाच्या गालाचा मुका घेतला. पुढचं सगळं त्याच व्हॅनमधून गेलेल्या मायरामनं सांगितलं. गावाच्या वळणावरून अंगणातला तंबू दिसला, बाहेर काठ्या टेकून उभे असलेले पुरुष दिसले, आणि आपानं चालत्या व्हॅनचं दार उघडलं. दुइशेन अकेंनी तिला कमरेला मिठी मारून धरलं. ऐकवायची वेळच आली नाही.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि कुलीपा आपा पुन्हा बाजारात यायला लागली. दर वेळी बुरुलचाच्या गाळ्यात बसायची. "तेवढ्याच जागी अडखळतो गं. बाकी सगळा कसा लोण्यासारखा चालतो. तिथं तोंड उघडतो, काहीतरी बोलणार असं वाटतं, आणि टोपी हातात. तू एवढ्या लोकांचं नीट करतेस, माझं एवढं कर." बुरुलचा वायर जोडायची, काहीतरी केल्यासारखं करायची आणि "जमत नाही, आपा" म्हणायची. एकदा आपा रागावून म्हणाली, "मग तुझा उपयोग काय?" त्या दिवशी बुरुलचा गाळा लवकर बंद करून घरी गेली आणि रडली. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती. हे ओझं मोठं वाईट. आईला वाचवलं म्हणावं, तर तिच्या पोराचं शेवटचं बोलणं आपण गिळून बसलोय.

वर्ष भरलं, एरनाझारच्या नावाचं जेवण झालं. त्याला राजधानीतून आपाचा भाचा आला आणि मावशीसाठी नवा फोन घेऊन आला. जुन्यातलं सगळं नव्यात भरलं. एकच व्हिडिओ दोनदा दिसला म्हणून अडखळत होता तो पुसला, सलग चालत होता तो ठेवला. पोरगा चांगला, त्यानं भल्यासाठीच केलं.

पुढच्या बाजाराला आपा आली, स्टुलावर बसली आणि नवा फोन टेबलावर ठेवला.

"आता अडखळत नाही," ती म्हणाली.

बुरुलचा उठून उभी राहिली. "आपा, मला शिव्या द्या. मारा. पण त्या दिवशी मला..."

"गप गं." आपानं तिचा हात धरला. "वर्षभर तू एकटीनं धरून ठेवलंस, होय? मी वर उपयोग काय म्हणाले तुला." मग म्हणाली, "मी रोज लावते. रोज तो विचारतो आणि रोज मी मोठ्यानं सांगते, ये. ये रे. शेजारणी म्हणतात, म्हातारी भ्रमली. पण त्यानं विचारल्यावर गप्प कसं बसायचं? एकदा बसले."

बाहेर मायराम गिऱ्हाइकाला काहीतरी ओरडून सांगत होती.

"तुझा तो अडखळणारा आहे अजून?"

"आहे, आपा."

"तोच घाल यात. हा काढून घे. पुसू नकोस हं, तुझ्यापाशी ठेव. माझ्यापाशी नको, त्याची ती भीती रोज ऐकवत नाही."

बुरुलचानं वायर जोडली. एक फाइल इकडं आली, एक तिकडं गेली. नियमाप्रमाणं तिनं नव्या फोनवर लावून बघितली, आपाला दिसेल अशी धरून. अर्धवट जिना, करडी टोपी. "आपा," पोरगा म्हणाला. तोंड उघडलं, हिसका बसला आणि टोपी डोक्यावरून हातात आली.

"ये," म्हातारी हळूच म्हणाली.