दहीभाताची मुलाखत

मुलाखतीला आलेल्या बाईला आमच्या मोठ्या बाई स्वतःच्या हाताने दहीभात भरवायच्या. उमेदवाराने समोरच्या खुर्चीत बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि बोलायचं नाही, एवढीच अट. मग मोठ्या बाई घरून आणलेला डबा उघडत, पदर खोचत आणि चमचा पुढे करत. शिक्षण, अनुभव वगैरे मी आधीच विचारून ठेवलेलं असे. त्यात त्यांना फारसा रस नव्हता.

नाशिकरोडची आमची शाळा विशेष मुलांची. अशा वर्गात शिक्षकाच्या जोडीला मदतनीस लागते. मुलांना भरवायचं, शू-शीला न्यायचं, चाकाची खुर्ची ढकलायची, ही तिची कामं. मोठ्या बाई मुख्याध्यापिका आणि मी शिक्षक. मुलाखतीच्या वेळी त्यांच्या शेजारी बसून वाटी धरणं माझ्याकडे असे. मी वाचत बसलेला दिसलो की हाक येई, "सर, पुस्तक मिटा, वाटी धरा."

त्या मुद्दाम वाईट भरवत. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडाशी नेत. मध्येच माझ्याकडे वळून गॅसचा सिलिंडर अजून आला नसल्याची तक्रार करत, तेव्हा चमचा हवेत आणि समोरची बाई आ करून बसलेली. हनुवटीवर सांडलेला भात चमच्यानेच खरवडून पुन्हा तोंडात घालत. मग विचारत, "कसं वाटलं?" बहुतेकजणी म्हणत, "छान, मॅडम." त्यांना चहा पाजून त्या गोड बोलून निरोप देत. "एवढे हाल केले तरी छान म्हणते," मला सांगत. "उद्या मुलांचे असेच हाल केले, तर तेही हिला छानच वाटतील."

तन्मयसाठी मदतनीस शोधत होतो तेव्हाची गोष्ट. त्याचा हातापायांवर ताबा नव्हता, बोलता येत नव्हतं. हसायचा तो डोळ्यांनी. आईखेरीज कोणाच्या हातचं तो खात नसे. एकलहऱ्याहून ती त्याला घेऊन येई, फाटकाजवळच्या बाकावर बसून राही आणि जेवणाच्या सुट्टीत आत येऊन भरवी. त्यापायी तिने शिवणकामाच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. जागा निघाल्याचं कळताच तिनेच अर्ज केला. मला वाटलं, प्रश्न सुटला.

"माझी कसली मुलाखत घेता, बाई? रोज बघताच की," ती हसत म्हणाली.

"बघते ना. तुमच्यासारखं भरवणारी नाशकात सापडायची नाही."

"मग घ्या मला."

"दुसऱ्या वर्गावर घेते. तन्मयच्या नाही."

तिचा चेहरा उतरला. "अहो, त्याच्यासाठीच तर आले! दुसऱ्या कोणाच्या हातचं तो खाणार नाही."

"म्हणूनच. उद्या तुम्ही आजारी पडलात, तर त्याने उपाशी राहायचं का?"

"मी नाही पडत आजारी!" ती ताडकन उठली. "तुम्हाला पोर नाही ना, म्हणून बोलवतं तुम्हाला असं."

"खरं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावू लागल्या. ते लवकर लागेना.

पुढच्या आठवड्यात सायखेड्याची छाया आली. नेमकी संकष्टी होती. "माझा उपास हाय," तिने हात जोडले. मोठ्या बाईंनी केळं मागवलं, चमच्याने कुस्करलं आणि नेहमीसारखं भरवायला घेतलं. तिसऱ्या घासाला केळं नाकाला लागलं. "आवो बाई, माझ्याकडं बघा तरी! गिळू द्या की," छाया ओरडली आणि स्वतःच खो खो हसत सुटली. मोठ्या बाईंनी तिचं नाक पुसलं. "उद्यापासून या."

छायाने घास पुढे केला की तन्मय ओठ घट्ट मिटायचा आणि रडायचा. बाकावर बसलेल्या आईला ते ऐकू यायचं. शाळा सुटल्यावर ती त्याला पोटभर भरवायची, आमच्याकडे मात्र बघायची नाही. त्या दिवसांत मोठ्या बाई दुपारी तिच्याशेजारी जाऊन बसत. ती तोंड फिरवून घेई, तरी उठत नसत. स्वतःचा डबा त्या न उघडताच घरी नेत. "आता पुरे करू या," मी एकदा म्हणालो. "अजून थोडं, सर," त्या म्हणाल्या. "मलाही झोप लागत नाहीये."

एके दिवशी छायाने त्याला भरवायचा नाद सोडला. ती त्याच्यासमोर बसून आपली वरणात चुरलेली भाकरी खाऊ लागली. तो टक लावून बघत राहिला. "काय रे, तुला पायजे व्हय?" तिने मऊ केलेला घास धरला आणि थांबली. बराच वेळ थांबली. त्याने तोंड उघडलं.

रोजचं रडणं ऐकू आलं नाही म्हणून घाबरून आई धावत आली होती. दारात मोठ्या बाईंनी तिचा हात धरला. "आत नका जाऊ. इथूनच बघा." दोघी दारात उभ्या राहिल्या. तन्मयचं जेवण संपेपर्यंत आईने तो हात सोडवून घेतला नाही. काही महिन्यांनी ती पुन्हा कारखान्यात जाऊ लागली.

मोठ्या बाई यंदा गेल्या. दवाखान्यातूनच त्यांनी मला बजावलं होतं, "माझ्यासाठी शाळा बंद ठेवलीत, तर याद राखा." म्हणून छाया आणि इतर मदतनीस मुलांपाशी थांबल्या, आम्ही काही जण अमरधामला गेलो. तन्मयची आई कारखान्यातून थेट तिथे आली होती. विधी लांबले. शाळेत जेवणाची सुट्टी होऊन गेली असेल, असं माझ्या मनात आलं.

"तुम्हाला निघायचं असेल तर रिक्षा बघू का?" मी हळूच विचारलं.

तिने मान हलवली. नजर चितेवरून काढली नाही.

"नको, सर. जेवला असेल तो."