तूर्त मुक्काम डोव्हर

नाव: थॉमसिन हॅडॉक, विधवा. धंदा: बिअर करणे व विकणे. राहणार: कॅले शहर, सेंट निकोलस पेठ, विहिरीलगतचं घर. तूर्त मुक्काम: डोव्हर. मालमत्ता: वरील घर, तांब्याची मोठी कढई आणि विटांची भट्टी, हे सर्व सध्या फ्रान्सच्या राजाच्या ताब्यात. खूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. वर्तणूक: अर्जदार.

आमच्या डोव्हरच्या कचेरीतली ही नोंद. त्यातला ‘तूर्त’ हा शब्द बाईने हट्टाने घालून घेतला होता. तो नसेल तर खाली अंगठा उठवणार नाही, असं तिने सांगितलं, आणि कारकुनाला त्या दिवशी घरी जायची घाई होती.

कॅले दोनशे वर्षं इंग्लंडचं होतं आणि सात दिवसांत गेलं. ऐन जानेवारीत फ्रेंचांनी सगळ्या इंग्रजांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. वेशीवर झडती होती. थॉमसिनच्या शालीखाली एक मडकं निघालं. शिपायाने झाकण उघडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि तिला पुढे ढकललं. मडक्यात बिअरवरचा फेस होता, म्हणजे खमीर. ते एका खेपेतून काढून पुढच्या खेपेत घालायचं असतं; पंधरवडाभर हात लावला नाही तर मरतं. तिच्या सासूने ते तिच्या हाती दिलं होतं, सासूला तिच्या सासूने. बाकी सगळं कॅलेत राहिलं.

मग तह झाला. आठ वर्षांनी फ्रान्स कॅले परत देईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तहातली अशी कलमं दोन्ही बाजूंना मान खाली न घालता घरी जाता यावं म्हणून असतात, हे दरबारातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. थॉमसिनला कुणी सांगितलं नाही. तिने आठ वर्षं म्हणजे आठ वर्षं धरली.

तिने डोव्हरात भट्टी बांधली नाही. तिवईवर उसनी कढई टांगून ती अंगणात बिअर करायची. वारा सुटला की अर्धा जाळ शेजाऱ्याकडे जायचा. खोलीचा करार महिन्याच्या वर करायची नाही. घरमालक गॉडर्ड पेल दर महिन्याला दारात येऊन विचारायचा, ‘काय हॅडॉकबाई, बोट आली का?’ ती म्हणायची, ‘आली की तुमचा निरोप घेऊनच जाईन, मालक.’

मधल्या काळात आमच्या राणीसाहेबांनी फ्रान्सचं दुसरं एक बंदर दाबून पाहिलं. हाती लागलं नाही. तिथून परतलेल्या फौजेने प्लेग मात्र आणला. तह तुम्ही मोडलात, असं फ्रेंच म्हणू लागले. आधी तुम्ही मोडलात, असं आम्ही म्हणू लागलो. गल्लीत दर चौथं दार बंद होतं तेव्हाही थॉमसिन दर दहा दिवसांनी कढई चढवत होती. प्यायला माणूस नव्हतं. ती बिअर गटारात ओतायची आणि फेस मडक्यात काढून ठेवायची.

आठ वर्षं भरली. शहर रीतसर मागायला राणीसाहेबांचे वकील निघाले. न मागता मुदत गेली तर हक्क बुडतो, म्हणून मिळणार नाही हे पक्कं असूनही मागणं भाग होतं. शिवाय मागणीच्या कागदावर, हेच ते शहर, अशी ग्वाही द्यायला जुना रहिवासी हवा होता. वकिलांचा कारकून रॅल्फ टिर्विट याने कचेरीतली नोंद काढली. थॉमसिन मडकं घेऊन धक्क्यावर हजर झाली.

कॅलेच्या समुद्राकडच्या वेशीसमोर तीनदा तुतारी वाजली. वकिलांनी कागद वाचला. दार उघडलं नाही. बऱ्याच वेळाने वरून निरोप आला, की किल्लेदारांना असा काही हुकूम नाही. टिर्विटने लिहिलं: मागितलं, दिलं नाही. सगळे बोटीकडे वळले. थॉमसिन वेशीकडे गेली आणि दिंडीदरवाजावर थाप मारली.

झडप सरकली. आत एक पोक्त पहारेकरी होता.

‘काय पाहिजे, मावशी?’

तिचं फ्रेंच कॅलेच्या बाजारातलं होतं. ‘माझं घर. सेंट निकोलस पेठ, विहिरीला लागून.’

‘तिथं आता नवा किल्ला आहे. अख्खी पेठ पाडली. चर्चसुद्धा.’

‘भट्टी होती माझी.’

‘विटा तटात गेल्या असतील. सगळ्यांच्याच गेल्या.’

‘आणि विहीर?’

‘विहीर आहे. आम्ही तेच पाणी पितो.’

‘मचूळ लागत असेल.’

‘लागतं तर.’

‘नुसतं पिऊ नका. त्याची बिअर चांगली होते,’ ती म्हणाली. झडप बंद झाली.

बोटीवर टिर्विटने कागद पुढे केला आणि पहारेकरी काय म्हणाला ते विचारलं. तिने पाठीमागे पाहिलं नाही. मडक्याच्या झाकणाची दोरी आवळत ती म्हणाली, ‘शहर तेच आहे. मालमत्ता जागेवर आहे. लिहा.’

‘भट्टीसकट?’

‘कारकूनसाहेब, तुमचे वकील अख्खं शहर मागून आले. मी एक भट्टी मागतेय.’

त्याने लिहिलं. तिने अंगठा उठवला.

पेल दारात उभाच होता. बोट आली होती म्हणून यावेळी त्याला काय विचारावं ते सुचेना. तिनेच विचारलं, की खोलीचा करार एकवीस वर्षांचा करता येईल का, आणि अंगणात बांधकाम चालेल का. पेलने दोन्हींना हो म्हटलं. त्यानंतर त्याने तिची थट्टा केल्याचं कुणी ऐकलं नाही. कॅलेतलं घर परत मिळावं हा दरवर्षीचा अर्ज तिने त्याही वर्षी केला, आणि पुढेही करत राहिली.

करारात तिने ‘राहणार कॅले, तूर्त मुक्काम डोव्हर’ असंच लिहून घेतलं. सोमवारी तीनशे विटा आल्या.