सोमलिंगाच्या वाट्याचं दूद

उमरगा तालुक्यातल्या मुरूमच्या अलीकडं एक गाव हाय. तितल्या दूद सोसायटीत सोमलिंग सेक्रेटरी हुता. दिसभर लोकांचं दूद मापायचा अन् घरी येऊन भाकरीसंगं कोरडा ठेचा खायाचा. दोन सालं पाऊस न्हवता, ठेच्यावर तेल कुठलं घालावं? लगीन होऊन आठ वर्सं झालती, पाळणा हलला न्हवता. त्येची आई शांतम्मा दुसरी पोरगी बघाया लागली, तवा बायकू गजराबाई म्हनली, "एकडाव सोलापूरला दावू. मग आत्याबाईंच्या मनासारकं करा."

सोलापूरच्या डाक्टरनं दोघांला तपासलं. बाईत काय खोट न्हवती. सोमलिंगाच्या बीजातच जीव कमी हुता. डाक्टर म्हनला, "तुमचंच बीज काडून नळीनं बाईच्या पिशवीत सोडू. पर आदी तीन महिनं तुमी नीट खायाचं. अंडी खाता का?"

"आमी लिंगायत."

"मग दूद, शेंगदाणं, मोडाची मटकी, पालाभाजी. अन् ती तंबाखू पयली थुका."

एष्टीत उमरग्यापतुर गड्यानं दोनदा तंबाखू मळली. घरी शांतम्मा दारातच हुबी. "काय म्हनला डाक्टर?"

सोमलिंगाच्या तोंडातनं निघून गेलं, "गजराला खाया घाला म्हनला, अव्वा. दूद, शेंगदाणं. तीन महिनं."



शांतम्मा तोंडाची फटकळ, पर त्या दिसापसनं सवता कोरा चहा प्याया लागली. म्हैस आटत आलती, घरात ऱ्हायचं तेवढं दूद सुनंला. म्होरं बसून पाजायची. "पी की. ओठाला टाका घातलाय व्हय?" गजराबाई शेंगदाणं पदरात लपवून परसात नवऱ्याला द्यायची. धा-बारा दाणं. तेवढ्यानं काय हुतंय?

"खरं सांगा की त्यास्नी," ती म्हनायची. "आत्याबाई कोरा चहा पित्यात अन् मी दूद. माज्या घशाखाली उतरत न्हाय."

"सांगतो. जरा दम धर."

"कवा?"

"सोसायटीत बसतो मी, गजरा. गडी पोर व्हावं म्हनून खुराक खातुया म्हनल्यावर लोकं काय म्हनतील?"

सोसायटीत तपासाया काडलेलं दूद शिल्लक ऱ्हायचं. एक दिस त्येनं गिलास उचलला, तेवढ्यात आबाराव दूदवाला हसला, "सेक्रेटरी, ताकद लई लागाया लागली का काय?" सोमलिंगानं गिलास खाली ठिवला, तो पुन्यांदा काय उचलला न्हाय. तंबाखू मातर दुप्पट झाली.

तीन महिन्यानं डाक्टरनं परत बीज तपासलं. म्हनला, "आदीपरीस कमी हाय. खाल्लं न्हाय तुमी. असल्यावर नळी घालून काय उपेग न्हाय." अन् तसं कागदावर लिवून दिलं.

घरी आल्यावर शांतम्मानं गजराबाईचं तोंड बघितलं अन् समजली. "माज्या तोंडचं काडून तुला घातलं. आता बास. पोरगी ठरवून टाकते."

तवा कुठं सोमलिंगाला वाचा फुटली. "अव्वा, खोट माज्यात हाय. खायाचं मला सांगितलं हुतं. म्या लबाड बोललो."

शांतम्मानं मान झटकली. मग म्हनली, "बायकूसाठी आईसंगं लबाड आत्ता बोलतुयास तू. माज्या पोटच्या पोरात खोट नसतीया."

"डाक्टरचा कागुद हाय, अव्वा."

"मला वाचाया येतंय व्हय? कागुद तुजा, वाचणार तू."

गजराबाई चुलीपासनं उठून आली. "शाळंतल्या मास्तरला बोलवा. त्यास्नी वाचू द्या आत्याबाईंच्या म्होरं."

सोमलिंग कागुद हातात धरून बसला. मास्तरनं वाचला म्हंजी सांजच्यापतुर ती गोष्ट सोसायटीच्या रांगंत गेली. त्येनं घडी घातली अन् कागुद खिशात ठिवला.

गजराबाईनं ते बघितलं. आत गेली, दोन लुगडी गाठुड्यात बांधली. शांतम्मा दारातनं बाजूला सरली. माहेरच्या वाटंला ती पार टेकाडाआड गेली, तरी सोमलिंग वसरीवरच, एक हात खिशावर दाबून.