एक हात अंतर

डॉक्टरांनी अक्काला सांगितलं, की उजव्या डोळ्याने आता समोरचं मधलं दिसणार नाही, कडेचं दिसत राहील. डावा डोळाही त्याच मार्गावर होता. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "म्हणजे फोकस गेला."

अक्का माझी थोरली बहीण. बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही आणि जन्मभर फोटो काढले. तिच्याकडे तीन जुन्या लेन्स होत्या: अठ्ठावीस, पन्नास आणि एकशेपस्तीस मिलिमीटरच्या. तिन्हींचा फोकस हाताने करायचा, आणि चित्र लहानमोठं करायचं तर आपणच पुढेमागे व्हायचं. घरातून निघताना "आज पन्नास" असं जाहीर करून ती एकच उचलायची. बाकीच्या कपाटात.

भाचीच्या लग्नात तिने नेमकी एकशेपस्तीस नेली. ही लेन्स लांबचं जवळ आणणारी. सगळं गणगोत मावावं म्हणून अक्का मागे सरकत कार्यालयाच्या फाटकाबाहेर गेली, मग रस्ता ओलांडून रसाच्या गाडीपाशी पोचली. मामा ओरडले, "अक्के, सिन्नर आलं की फोन कर गं!" त्या फोटोत सगळे खरोखरीच हसत आहेत. मधून एक स्कूटरवाला चालला आहे.

डोळ्याचं कळल्यावर मी नवी झूम लेन्स आणली. ती फोकस आपला आपण करते. अक्काने ती हातात तोलून पाहिली. "उगाच नावं नाही ठेवणार हं. तिघींचं काम ही एकटी करते."

आम्ही निफाडला एका ओळखीच्या द्राक्षबागेत गेलो. तिने फोटो काढला आणि विचारलं, "घड आला का रे?"

"वेलीपुढची तार आली आहे," मी म्हणालो. "घड मागे पुसट झालाय."

"हिला तार आवडली तर!" मग ती लेन्सची रिंग स्वतः फिरवू लागली. "ही नुसती गोल फिरते, बाळ्या. थांबतच नाही कुठे. बोटांना काही कळत नाही." परतताना बसमध्ये ती म्हणाली, "कॅमेरा विकून टाक."

गिऱ्हाईक मिळायच्या आत तिने एका सकाळी मला गॅलरीत बोलावलं. कॅमेऱ्याला जुनी पन्नास लावली होती. तिची रिंग एका टोकाला जाऊन अडते. तिथे अगदी जवळचं स्पष्ट येतं. ते अंतर साधारण कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं, एक हात. अक्काने जास्वंदीला बोट टेकवलं, कोपराशी कॅमेरा आणला, हात काढून घेतला आणि बटण दाबलं.

"सांग, काय आलं?"

"परागकण आलेत. सुटे सुटे दिसतात."

"मग नाही विकायचा."

त्यानंतर ती एवढ्याच अंतरावरचे फोटो काढत राहिली. भाजीबाजारात तिने गालाला बोट लावलं की बायका दचकायच्या. "आजी, लय जवळ आल्या, मुका घेता का काय?" एकीने विचारलं. "तुझा नाही गं, तुझ्या नथीचा," अक्का म्हणाली. शेजारच्या गाड्यावरच्या बाया कितीतरी वेळ हसत होत्या.

या हिवाळ्यात अक्का गेली. झूम मी वापरतो. सहलीला ती सोयीची आहे, फोटोही चांगले येतात. अक्काने शेवटच्या महिन्यांत काढलेल्या फोटोंमध्ये माझा एक आहे. इतक्या जवळून काढलेला माझा दुसरा फोटो नाही.