मास्तरांच्या तोंडी घातलेलं वाक्य

बारकी हे नाव तिला शिवणकाम शिकवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात पडलं आणि चाळिशी उलटली तरी चिकटून राहिलं. कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण स्वतःचं दुकान थाटल्यापासून गिऱ्हाईक काही फिरकेना.

नणंद जाहिरातींच्या कंपनीत होती. ती म्हणाली, "वहिनी, कोटांचे फोटो सगळेच टाकतात. तू तुझी गोष्ट लिही. तुला कोणी अडवलं, तू कशी उभी राहिलीस, असं काहीतरी."

"मला कोणी अडवलंच नाही गं."

"मग लाव थोडं तिखटमीठ."

बारकीने लावलं. शिकायला लागली तेव्हा तिने कोटाला उलटी बाही जोडली होती, इथपर्यंत खरं. पुढे तिने लिहिलं, की मास्तरांनी तो कोट भिरकावला आणि म्हणाले, "बायकांनी बटणं लावावीत, कात्रीला हात लावू नये." खरं तर मास्तरांनी शेजारी बसून एकेक टाका उसवून दिला होता, वर चहाही मागवला होता. पण त्यात गोष्ट कुठली?

पोस्ट वाऱ्यासारखी पसरली. तिला शाबासकी, मास्तरांना शिव्या. मोठमोठ्या ऑफिसांतल्या बायका मापं द्यायला येऊ लागल्या. मास्तरांचं नाव तिने लिहिलं नव्हतं, पण ती कोणाच्या हाताखाली शिकली हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

मग एका दुपारी मास्तरांच्या बायकोचा, काकूंचा, फोन आला. "शेजाऱ्यांनी वाचून दाखवलं. तेव्हापासून हे गप्पच आहेत. घे, बोलायचं म्हणतात."

"पोरी," मास्तर म्हणाले, "मला काही आठवत नाही बघ. वय झालं. पण तसं बोललो असेन तर चुकलंच माझं. मनात ठेवू नकोस."

"जाऊ द्या मास्तर," बारकी कशीबशी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपण चक्क त्यांना माफ करून मोकळ्या झालो.

त्या दिवशी तिचं शिवणात लक्ष लागेना. शेवटी दुकानाला कुलूप घालून ती त्यांच्या घरी गेली आणि उंबऱ्यातच म्हणाली, "तुम्ही तसं कधीच बोलला नाहीत. मी रचलं ते. कामं मिळावीत म्हणून."

मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. मी आठवून आठवून थकलो गं. आणखी कोणाकोणाला असं बोललो असेन, म्हणून जुन्या कारागिरांना विचारणार होतो."

काकू पाठ फिरवून आत निघून गेल्या. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन तिने ती पोस्ट काढून टाकली आणि झालं तसं सगळं लिहिलं. नणंद चिडली. नवीन लिहिलेलं फारसं कोणी वाचलं नाही, जुन्याच्या नकला मात्र लोक अजून एकमेकांना पाठवतात. मास्तरांनी ते नवं वाचून घेतलं आणि "बरं केलंस," एवढंच म्हणाले. काकू तिच्याशी बोलत नाहीत. बारकीला त्यात काही चूक वाटत नाही.