नियंत्रित गटातली मुलगी

आमच्या घरी पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. वडील मोर्च्यांसाठी छापून आणायचे, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. त्यांच्या पत्रकांसाठी समतेवर पानभर लिहायला मला बारावीतच जमत होतं. म्हणून पुढं जे केलं ते अजाणता केलं, असं मला म्हणता येत नाही.

शारीरिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला लघुशोधप्रबंध लागतो. खो-खोची कौशल्यं मुलींना सुटी सुटी करून, एकमेकींच्या चुका दाखवायला लावून शिकवली तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा जास्त येतात का, हा माझा विषय. परभणीहून ताडकळसच्या बसनं जायचं, अलीकडच्या एका फाट्यावर उतरायचं आणि चालत शाळा गाठायची. शाळा आठवीपर्यंतच. सातवी-आठवीच्या चाळीस मुलींची आधी चाचणी घेतली, मग चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. प्रायोगिक गटाला मी शिकवणार. नियंत्रित गटाला सहा आठवडे नेहमीची पद्धत.

नेहमीची पद्धत म्हणजे काय, ते पहिल्याच तासाला कळलं. निवृत्तीला आलेल्या खेळाच्या सरांनी मुलींच्या हातात टोपल्या दिल्या. मैदानातले खडे वेचायचे, गवत उपटायचं.

"इथं पीटीचा तास म्हंजे ह्योच," ते म्हणाले. "तुमच्या वहीत त्याला काय नाव द्यायचं ते तुमी बघा."

मी 'पारंपरिक अध्यापन' असं लिहिलं.

वीस जणी खडे वेचायच्या आणि त्या साफ जागेवर दुसऱ्या वीस जणी पळायच्या. हे मी रोज उघड्या डोळ्यांनी पाहिलं. मार्गदर्शकांना फोन केला तर ते म्हणाले, "नियंत्रित गटाला हात लावू नकोस. एकीलाही शिकवलंस तर सगळे आकडे वाया." मी "हो सर" म्हणालो. पत्रकात मी कुणाला 'हो सर' लिहिलं नव्हतं.

पहिल्या चाचणीत सगळ्यांत वेगानं पळालेली मुलगी नियंत्रित गटात आली होती. आठवीतली, बकऱ्या राखणाऱ्या घरातली. पळायला तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. खांबावर वळताना मात्र ती लांबून जायची आणि तिथंच तिचा वेळ मोडायचा. चूक दोन दिवसांत सुटेल एवढीच होती.

दुसऱ्या आठवड्यात टोपली खाली ठेवून ती माझ्याजवळ आली. "सर, आमचा नंबर कवा हाय?"

"सहा आठवडे होऊ दे. मग तुम्हालाही शिकवतो."

"तवर शाळेची टीम निवडून व्हईल की. आमचा बाप म्हणलाय, टीममधी नाव आलं तर नववीला ताडकळसला घालतो. न्हाईतर हायेतच बकऱ्या."

"नियम असतो गं संशोधनाचा."

"खडे येचायचा बी नियम हाय का?"

बाकीच्या हसल्या. मीही हसलो, आणि प्रायोगिक गटाकडं वळलो. त्या दिवसाचा धडा खांबावर वळण्याचाच होता. ती हातात गवताची मूठ धरून बघत राहिली. बघून शिकते की काय, अशी मला भीती वाटली. मी तिच्या गटाला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं.

सहा आठवड्यांनी चाचणी झाली. माझ्या मुली कितीतरी पुढं गेल्या, ती होती तिथंच राहिली. खेळाच्या सरांनी माझ्या हातातून निकालाचा तक्ता घेतला आणि वरची नावं सरळ टीमच्या कागदावर उतरवली.

"अहो संशोधक, लय काम हलकं केलं बघा आमचं. पोरी पळवून बघायची गरजच न्हाई."

मी बोलू शकत होतो. तिला आठ दिवस द्या, मी शिकवतो, मग यादी करा, एवढंच. पण शिकलेलं टिकतं का हे बघायला तीन आठवड्यांनी पुन्हा एक चाचणी होती, आणि तोवर नियंत्रित गट तसाच ठेवायचा होता. मी तक्ता परत घेऊन पिशवीत ठेवला.

तिसऱ्या चाचणीनंतर नियंत्रित गटाला शिकवायला दोन दिवस गेलो. मग लिखाण सुरू झालं. 'कोणत्याही विद्यार्थिनीचे नुकसान झालेले नाही' हे वाक्य मी स्वतः टाईप केलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, नियंत्रित गटातून कुणी गळालं का? नाही सर, एकही नाही. ते खूष झाले. प्रबंध बांधून कपाटात गेला. त्या कपाटातल्या एखाद्या प्रबंधामुळं कुठल्या शाळेत टोपलीची पद्धत बंद झाली, असं मी अजून ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता ताडकळसच्या बाजारात ती दिसली. दोन बकऱ्यांची दावी हातात धरून उभी होती. तिनंच हाक मारली.

"सर, झालं का तुमचं?"

"झालं."

"काय निघालं मग?"

"शिकवलं तर येतं, असं निघालं."

मी थट्टा करतोय का, हे तिनं जरा वेळ माझ्या तोंडाकडं पाहून ठरवलं. "ते आमाला बी ठावं व्हतं," ती म्हणाली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, आणि ती खाली बसून बकरीचं तोंड उघडून दात दाखवू लागली.

नववीचं मी विचारलं नाही. अकरा वाजून गेले होते. पलीकडच्या शाळेत तास चालू होता.