अप्पांनी अंगावर घेतलेला दिवस

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. महिना झाला, अजून धड घास उतरत नाही… आणि त्याचं कारण नुसतं दुःख नाही.

मुरुमचे शिवलिंगअप्पा आमच्या दवाखान्यातले सर्व्हर सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली. सर्व्हर दोन, पण नोंदी साठवणाऱ्या डिस्क दोघांत सामायिक. एक बंद पडला की दुसऱ्यानं डिस्कचा ताबा घ्यायचा, म्हणजे रुग्णांचं काम थांबत नाही. मात्र ताबा एका वेळी एकाचाच. दोघांनी एकदम लिहिलं की सगळा चिखल. म्हणून अप्पांची रीत ठरलेली. ते एका मशीनपाशी, मी दुसऱ्यापाशी. ते "सोडलं" म्हणणार, ते ऐकून मी "घेतलं" म्हणणार, मगच बटण दाबायचं. स्क्रीनवर सगळं दिसत असताना हे कशाला, असं मला वाटायचं.

जुन्या डिस्कवरून नव्यावर सगळं हलवायचं होतं, त्या दिवशी अप्पा त्यांच्या मशीनवरचं एक काम संपायची वाट बघत होते. मला वाटलं, झालंच असेल. मशीननं "जबरदस्तीनं घ्यायचं का?" असं विचारलं, मी शहाण्यानं हो म्हटलं. दोन्ही सर्व्हर एकाच डिस्कवर लिहीत सुटले. आदल्या दिवसापर्यंतची प्रत होती, पण त्या सकाळच्या तपासण्या गेल्या. माकणीच्या एका म्हातारीला तपासणीसाठी रक्त द्यायला परत यावं लागलं.

दवाखान्याच्या साहेबांपुढं अप्पा म्हणाले, "माझ्याकडून सोडायचं राहिलं." बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू गप ऱ्हा. तुला अजून लई वर्सं काढायची हाईत." मी गप्प राहिलो. त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, निवृत्त होईपर्यंत तिथंच, आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. रोज जाता-येता नमस्कार करायचो. साहेबांना खरं सांगायचं मात्र उद्यावर ढकलत राहिलो… लाज वाटते लिहिताना.

परवा मुरुमला अप्पांच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "तुमी व्हता न्हवं तिथं? यांच्या हातनं एवढं काय चुकलं व्हतं? म्या लई डाव विचारलं, कधी बोलले न्हाईत." "तसं काही नव्हतं," म्हणून उठलो.

अप्पांना रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची सवय होती. आता घरातल्या त्यांच्या खिडकीपाशी बसून काकू तशीच वाचतात, म्हणून हे त्याच पुरवणीसाठी लिहितोय. काकू, त्यांच्या हातून काहीच चुकलं नव्हतं. चुकलो होतो मी.